गैरहजर मुलाच्या घरी कोण जाणार?



दसरा जवळ आला की आपल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांत मुकादमाच्या फेऱ्या वाढतात. उचल आधीच घेतलेली असते. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला बाहेर पडतात आणि शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरी वाढत जाते. आज याच गैरहजेरीबद्दल बोलू.

आपल्याच जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना सुरू झाला. उत्तरेकडे पाणी आलं, ऊस वाढला, कारखाने वाढले. दक्षिणेकडचे कोरडवाहू तालुके मात्र कोयता घेऊन बाहेर पडत राहिले. एका कोयत्याला नवरा-बायको दोघंही लागतात. मग लेकरं कुणाकडे ठेवायची? ती सोबत जातात. थोरली मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी करते. पाडव्याच्या सुमारास परत येते तेव्हा वर्गाचा निम्मा अभ्यास पुढे गेलेला असतो. दोन-तीन वर्षं असं झालं की ती शाळेत बसायलाच लाजते. शाळा सुटते ती अशी, हळूहळू.

आता प्रश्न असा, की मूल शाळेत आलं नाही तर त्याच्या घरी जायचं कुणी? अमेरिकेत १९०६-०७ साली न्यूयॉर्क, बॉस्टनसारख्या शहरांत याच कामासाठी बाया नेमल्या गेल्या. त्या मुलांच्या घरी जायच्या आणि अडचण समजून घ्यायच्या. तिथून शाळेतल्या समाजकार्यकर्त्याचं काम उभं राहिलं. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत असं वेगळं पद नाही. पण काम करणारी माणसं आहेत. शाळाबाह्य मुलांचा शोध घेऊन त्यांना परत आणणारे शिक्षक आहेत, त्यांना बालरक्षक म्हणतात. अंगणवाडीताई आहेत, आशाताई आहेत. नगरच्या सीएसआरडी संस्थेसारख्या ठिकाणी समाजकार्य शिकणारी मुलंमुली आहेत. आणि घराघरात ओळख असलेला आपला बचत गट आहे.

या कामाची पहिली रीत म्हणजे रागवायचं नाही, विचारायचं. ‘पोरीला शाळेत का पाठवत नाही?’ असं दारात उभं राहून म्हटलं की आई गप्प बसते. ‘सकाळी घरात काय काय कामं असतात?’ असं विचारलं की खरं कारण बाहेर येतं. कुणाला फळ्यावरचं दिसत नसतं. कुणाच्या शाळेत पाळीच्या दिवसांत वापरता येईल असं स्वच्छतागृह नसतं. कुणाला वाटेत पोरं त्रास देतात. कुणाची आजी आजारी असते. कारण वेगळं, तसा उपायही वेगळा. डोळ्यांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून होते. शाळा लांब असेल तर ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी दोन वाटा आहेत. पहिली, मूल गावातच ठेवायची. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. आईबाप बाहेर असताना मुलांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था त्यातून होते. मागणी मात्र टोळी निघायच्या आधी शाळेकडे गेली पाहिजे. याशिवाय ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ साली मंजूर झाली आहे, त्याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

दुसरी वाट, मूल सोबत न्यावंच लागलं तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्यायचं. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवायचं. दाखला हातात नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हा हक्क २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दिला आहे. परत आल्यावर मूल आपल्याच वर्गात बसतं.

एक गोष्ट जरा जपून सांगतो. सातवी-आठवीतली मुलगी अचानक यायची थांबली, तर उशीर करू नका. ‘पोरीला एकटी कुठं ठेवायची’ या काळजीने हंगामाच्या तोंडावर लग्नं उरकली जातात. अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न हा गुन्हा आहे. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. १०९८ या नंबरवर फोनही करता येतो. पण फोनच्या आधी त्या आईशी बोला. तिची भीती खोटी नसते. मुलीला राहायला सुरक्षित जागा मिळाली, तर बरीच लग्नं बोलण्यातच थांबतात.

उचल मोठी असते, आपल्या गटाच्या अंतर्गत कर्जातून ती फिटणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून ‘जाऊच नका’ असं आम्ही कुणाला सांगत नाही. लेकरांची सोय करून जा, एवढंच सांगतो.

तर पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास यासाठी ठेवा. गटातली आणि शेजारपाजारची कोणती घरं यंदा जाणार, त्यांत शाळेची मुलं किती, याची यादी करा. राहणाऱ्या आजी-आजोबांकडे आठवड्यातून एकदा कोण डोकावणार, ते नावानिशी ठरवा. यादी मुख्याध्यापकांना द्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मांडा. या समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया असाव्या लागतात. म्हणजे त्या सभेत बोलायला कुणाची परवानगी लागत नाही.

हे सगळं दसऱ्याच्या आत व्हायला हवं. एकदा गाडी हलली की मूल शोधायला दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं. आज ते आपल्याच गल्लीत आहे.