दाढ दुखते, पण तोंड उघडत नाही
तोरणमाळचा सातपायरी घाट उतरून शहाद्याला दातांच्या डॉक्टरांकडे जायचे. एवढे करून खुर्ची दिसताच मतिमंद लेकरू किंचाळते, आणि अम्मी-अब्बा तसेच परततात. दाढ किडतच राहते.

मोठ्या शहरांत अशा मुलांना व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा चष्मा लावून पाहतात. समोर मासे पोहू लागले की सुई दिसत नाही. पण चष्मा अचानक चढवला तर मूल आणखी बिथरते. फिट येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

डॉक्टरांची जुनी रीत आहे : आधी सांगा, दाखवा, मग करा. आमच्याकडे चष्मा कुठला? आम्ही आठवडाभर वर्गात चमचा, छोटा आरसा आणि मोबाइलवर यशवंत तलाव, असा खेळ मांडला. एकाने तर अम्मीचेच दात मोजले. शहाद्याला त्याने दोन मिनिटे तोंड उघडले. तेवढ्यात दाढ पाहून झाली.