वहीत उतरलेलं नवेगाव

आमच्या भंडारा जिल्ह्यात तळ्याला नुसतं तळं म्हणून भागत नाही. लहान असेल तर बोडी, मोठं असेल तर तलाव किंवा बांध. मालगुजार जमीनदारांच्या काळातलं असेल तर सरकारी कागदावर ते 'माजी मालगुजारी' होतं आणि लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. पाणी सोडायच्या दाराला तुडूम म्हणतात. हे शब्द मी शाळेत शिकलो नाही. आजोबांबरोबर तळ्याच्या पाळीवरून चालताना ते कानावर पडले आणि तिथेच राहिले. पुढे मारुती चितमपल्लींची पुस्तकं हाती आली. आपल्या गावच्या अशा शब्दांना छापील पानावर मानाची जागा मिळू शकते, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

चितमपल्ली आमच्या भागातले नव्हेत. त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२चा, सोलापूरचा. मराठी, तेलुगू, उर्दू, कन्नड अशा अनेक भाषा एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या गिरणगावात ते वाढले. १९५८ ते १९६० या काळात कोइमतूरच्या वनमहाविद्यालयात शिकले आणि वनखात्यात रुजू झाले. वनशास्त्राचं शिक्षण त्यांनी घेतलं होतं. लेखनाचं शिक्षण मात्र कुणी दिलं नव्हतं, पक्ष्यांच्या अभ्यासाची पदवीही नव्हती. पाखरांची नावं, जुन्या ग्रंथांतले संदर्भ, ललित लेखाची बांधणी, कोशाची शिस्त हे सगळं त्यांनी नोकरी सांभाळून स्वतः मिळवलं. संस्कृत जुन्या पद्धतीनं पंडितांपुढे बसून शिकले. जर्मन आणि रशियनही शिकले.

बदल्या होत होत ते नवेगावबांधला आले. ते तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगाव तिकडे गेलं. तरी इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ते अजून भंडाऱ्याचंच आहे. सात टेकड्यांच्या कुशीतलं नवेगावचं तळं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलं असं सांगतात. कोहळी म्हणजे तळी खोदणारी जमात. पाण्याचा उतार नजरेनं ओळखणारी माणसं. त्यांनी बांधलेल्या शेकडो तळ्यांवर इथलं धान आजही उभं आहे. पाणी आणि त्याला लागून अरण्य, त्यामुळे हिवाळ्यात दूरदेशीच्या बदकांचे थवे इथे उतरत. धानाच्या बांध्यांमधून सारसांच्या जोड्या फिरत. १९७५ साली नवेगावला राष्ट्रीय उद्यान झालं. त्या जडणघडणीत चितमपल्लींच्या नोकरीची उमेदीची वर्षं गेली.

इथे त्यांना गुरू भेटले ते माधवराव पाटील. नवेगावच्या जुन्या मालगुजार घराण्यातला हा माणूस. जंगलाची वाट अन् वाट आणि पाखराचा आवाज न् आवाज त्यांना ठाऊक होता. चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस' वाचताना जाणवतं, की अधिकाऱ्याच्या खुर्चीतला माणूस इथे शिष्य होऊन बसला आहे. मला चितमपल्लींची ही सवय सगळ्यात मोठी वाटते. साहेब जंगलात आला की सोबतच्या माणसाला वाट दाखवायला सांगतो. चितमपल्ली त्याला नाव विचारत. या झाडाला तुम्ही काय म्हणता? हा पक्षी कुठे निजतो? ढिवर, गोंड, पारधी, माडिया, कोरकू, जो भेटेल त्याच्याकडून एक शब्द तरी घ्यायचा आणि वहीत उतरवायचा.

त्यांची हत्यारं एवढीच: वही, लेखणी, दुर्बीण आणि कान. ते रोजनिशी लिहीत. पाणवठ्यावर, मचाणावर तासन् तास बसत. पाहिलेलं आणि ऐकलेलं दोन्ही लिहून ठेवत. मग घरी येऊन ते ग्रंथांशी ताडून बघत. आदिवासी सांगतो ती गोष्ट संस्कृत ग्रंथात कुठे आहे का, पाश्चात्त्य पक्षिशास्त्र तिच्याबद्दल काय म्हणतं, असा त्यांचा शोध चाले. तेराव्या शतकातल्या हंसदेवांचा 'मृगपक्षिशास्त्र' हा संस्कृत ग्रंथ मराठीत आणण्यात त्यांचा हात होता, तो याच ओढीतून.

या पद्धतीला एक धोका आहे आणि तो सांगायला हवा. लोककथा आणि निरीक्षण एकाच परिच्छेदात शेजारी बसली, की कोणती गोष्ट लेखकानं डोळ्यांनी पाहिली आणि कोणती ऐकली हे वाचकाला दर वेळी उमगत नाही. काटेकोर अभ्यासकाला ते खटकतं, आणि त्याचं म्हणणं रास्त आहे. तरीही मी चितमपल्लींच्या बाजूनं उभा राहीन. ती कथा सांगणारी पिढी आता उरलेली नाही. खरंखोटं पुढे कुणीही तपासू शकेल. त्यासाठी आधी ती कुठे तरी लिहिलेली हवी. त्यांनी ती लिहिली.

शब्दांच्या बाबतीत ते नुसते गोळा करणारे नव्हते, घडवणारेही होते. कावळ्यांच्या वसाहतीला त्यांनी 'काकागार' म्हटलं. बगळे, करकोचे, पाणकावळे एकत्र घरटी करतात त्या जागेला 'सारंगागार'. दोन्ही शब्द उच्चारून बघा, जीभ कुठेही अडखळत नाही. परिभाषा कोशातले कितीतरी शब्द कपाटातच राहतात. हे दोन शब्द मात्र पक्षिमित्रांच्या बोलण्यात रुळले, याचं कारण ते घडवणाऱ्यानं ती जागा स्वतः पाहिली होती. त्यांनी मराठीला लाखभर शब्द दिले असं नेहमी सांगितलं जातं. मला त्या आकड्यापेक्षा 'पक्षिकोश' महत्त्वाचा वाटतो. तिथे एका पाखराला किती माणसांनी किती नावं दिली ते एकत्र वाचायला मिळतं.

लेखक म्हणून त्यांचा स्वभाव 'रातवा', 'रानवाटा', 'जंगलाचं देणं' या पुस्तकांत दिसतो. वाक्यं छोटी. विशेषणं कमी. वाघाची थरारकथा सांगायचा मोह जवळपास नाही. एखादं झाड फुलोऱ्यावर आलं हीच मोठी बातमी. रातवा हा रात्री हिंडणारा साधासुधा पक्षी, दिवसा पाचोळ्यात बसला तर पायाखाली येईतो दिसत नाही. पुस्तकाला त्याचं नाव देणाऱ्या माणसाला जंगलात काय मोलाचं वाटत होतं, ते एवढ्यावरूनच कळतं.

नवेगावच्या शेजारचं नागझिऱ्याचं जंगल लेखक व्यंकटेश माडगूळकरांनाही ओढून घेऊन आलं. त्यांचं 'नागझिरा' हे पुस्तक साकोलीच्या बाजूनं पिटेझरीच्या वाटेनं जाणाऱ्यानं सोबत न्यावं. माडगूळकर पाहुणे म्हणून आले आणि पाहुण्याच्या ताज्या डोळ्यांनी त्यांनी लिहिलं. चितमपल्ली इथे राहिले. दोघांची पुस्तकं लागोपाठ वाचली तर हा फरक फार सुंदर दिसतो. आमच्या जिल्ह्याचं भाग्य, की एकाच जंगलपट्ट्याला असे दोघे लाभले.

त्यांच्या विचारांचं सार एकच होतं: जंगल ज्यांच्या बोलीत जिवंत आहे त्यांना बाजूला सारून ते वाचवता येणार नाही. निवृत्त होताना ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे उपसंचालक होते. २००६ साली सोलापुरात भरलेल्या ७९व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, तेव्हा वनखात्यात आयुष्य काढलेला माणूस मराठी साहित्याच्या मुख्य व्यासपीठावर बसला. जानेवारी २०२५मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि १८ जून २०२५ रोजी सोलापुरातच त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षिदिन म्हणून पाळतात. तिथपासून १२ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, पक्षी सप्ताह असतो. तो दिवाळीच्या आसपासच येतो. आमच्याकडे तेव्हा धान कापणीला आलेलं असतं, गावोगावी मंडई भरते, बाहेरगावी गेलेली मुलं घरी आलेली असतात. त्यांना माझी एक विनंती आहे. एक सकाळ आजी-आजोबांना तळ्याच्या पाळीवर घेऊन जा. समोर दिसेल त्या पाखराला, माशाला, गवताला ते काय म्हणतात ते विचारा, आणि खिशातल्या वहीत तारीख घालून लिहून ठेवा.