युनेस्कोचे सभासद आणि नर्मदेचा घाट

जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेतील कमानिया गेट हे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक होय. ते उभारताना शहराला परदेशातील कोणाची संमती घ्यावी लागली नाही. परंतु याच शहरानजीक नर्मदेने संगमरवर कापून घडविलेला भेडाघाट जागतिक वारशात नोंदवावयाचा, तर प्रस्ताव पॅरिसला धाडावा लागतो. आणि तो शहराने नव्हे, तर राष्ट्राने धाडावा लागतो.

युनेस्को ही राष्ट्रांची संघटना आहे. तिची घटना १६ नोव्हेंबर १९४५ रोजी लंडन येथे संमत झाली व ४ नोव्हेंबर १९४६ रोजी वीस राष्ट्रांच्या मान्यतेने अमलात आली. त्या विसांत भारत होता. दर दोन वर्षांनी महासभा भरते. तेथे लहानमोठ्या प्रत्येक राष्ट्रास एकच मत असते. वर्गणी मात्र ऐपतीप्रमाणे.

वारशाचे काम वार्षिक असते. १९७२ चा जागतिक वारसा करार भारताने १९७७ मध्ये स्वीकारला. प्रत्येक राष्ट्र प्रथम आपल्या स्थळांची संभाव्य यादी देते. त्यांतून एका वर्षी एकाच स्थळाचा प्रस्ताव विचारार्थ घेतला जातो. तज्ज्ञ पाहणी करतात आणि एकवीस राष्ट्रांची समिती निर्णय देते.

२०२१ साली भारताने एकाच वेळी जी स्थळे या यादीत घातली, त्यांत महाराष्ट्रातील मराठ्यांचे किल्ले होते आणि भेडाघाट-लमेटाघाटही होता. किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये मान्यता मिळाली. महाराष्ट्रातील अकरा किल्ले व तमिळनाडूतील जिंजी. भेडाघाट मात्र संभाव्य यादीतच राहिला. वास्तविक त्याची योग्यता उणी नव्हे. १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन यांना जबलपूर येथे, पुढे ‘लमेटा’ म्हणून ओळखल्या गेलेल्या थरांत, डायनोसॉरची हाडे मिळाली. भारतातील ही पहिलीच नोंद. पण वर्षाला एकच जागा म्हटल्यावर रांग लांबते, आणि कोणास पुढे काढावयाचे हे दिल्लीत ठरते. नियम कठोर वाटेल. परंतु तो नसता तर मोठ्या राष्ट्रांनीच यादी भरून टाकली असती.

सभासदत्व कायमचे असते असेही नाही. पॅलेस्टाइनला २०११ मध्ये प्रवेश मिळताच अमेरिकेने वर्गणी थांबविली. ती अंदाजपत्रकाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक होती. २०१८ अखेर ती बाहेर पडली, जुलै २०२३ मध्ये परतली व सभासद १९४ झाले. जुलै २०२५ मध्ये तिने पुन्हा बाहेर पडण्याचे जाहीर केले. त्यासाठी मुदत डिसेंबर २०२६ अखेरची.

नाव नोंदले म्हणून पॅरिसहून पहारेकरी येत नाहीत. खडकाची राखण स्थळ ज्याचे त्या राष्ट्राकडेच राहते, आणि नोंद होईपर्यंतही ती त्याच्याकडेच असते.