पाळणा आणि कावेरीचं पाणी

2024च्या उन्हाळ्यात बेंगळुरूच्या हजारो बोअरवेल आटल्या, टँकरचे दर भडकले. सुमारे शंभर किलोमीटरवरून कावेरी आणणाऱ्या या शहरात ‘पर्यावरणासाठी मूल नको’ म्हणणारी काही तरुण मंडळी 2019 मध्येच एकत्र जमली होती. या वादात एक आकडा हटकून येतो: एक मूल कमी, तर वर्षाला 58.6 टन कार्बन उत्सर्जन कमी. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये मांडलेला हा हिशेब श्रीमंत देशांचा. शिवाय नातवंडं-पतवंडांचा वाटाही त्यात आजच्या आईबापांच्याच खात्यावर. सरासरी भारतीयाचं वार्षिक उत्सर्जन दोन टनांच्या आसपास. कर्नाटकाचा जननदर तर 2019-21च्या पाहणीत 1.7 वर आलाच होता, आणि मला वाटतं, त्यात हवामानापेक्षा फ्लॅटच्या हप्त्यांचा आणि शाळेच्या फीचा हात मोठा.