भीमाकाठचे पंखवाले पाहुणे

मित्रांनो, पक्षी बघायला समुद्रकिनाराच हवा असं कुणी सांगितलं? शिरूरची घोड नदी भीमेला मिळते, भीमा दौंडवरून पुढे जाते आणि भिगवणजवळ चक्क समुद्रासारखी पसरते! ही करामत उजनी धरणाची. १९८० साली पूर्ण झालेलं हे धरण आहे सोलापूर जिल्ह्यात, पण त्याचा फुगवटा पार पुणे जिल्ह्यात शिरलाय.

दसऱ्याच्या सुमारास इथं पाहुणे उतरू लागतात. पहिली हजेरी धोब्याची. शेपटी सारखी वरखाली आपटत चालणारा हा पक्षी तुमच्या शाळेच्या मैदानावरही दिसेल. मग येतं भुवई बदक. नराच्या डोळ्यावर पांढरीशुभ्र भुवई असते म्हणून हे नाव. पण ऑक्टोबरात ती शोधत बसू नका हं! तेव्हा नरही मादीसारखाच मातकट दिसतो. त्यापेक्षा पळीसारख्या चोचीचा थापट्या ओळखणं सोपं.

खरा पराक्रमी म्हणजे पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस मंगोलिया, तिबेट, लडाखकडून हिमालय ओलांडून येतो. शास्त्रज्ञांनी पाठीवर यंत्र बसवून मोजलं, तेव्हा एक पट्टकादंब ७,२९० मीटर उंचीवर उडताना सापडला. म्हणजे कळसूबाईच्या चौपटीहून जास्त! तिथं आपल्याला दोन पावलं टाकतानाही धाप लागेल.

आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो? दिवाळीत गेलात तर बहुधा हात हलवत परत याल. तेव्हा धरण काठोकाठ भरलेलं असतं, आणि रोहितला हवा उथळ चिखल. चोच उलटी धरून तो त्यातलं खाणं गाळून घेतो. पाणी ओसरलं की त्याचं ताट मांडलं जातं.

पण पाणी किती ओसरावं? उसाला पाणी हवं, नळांना हवं, कारखान्यांना हवं. २०२३ साली उजनी पुरतं भरलंच नाही, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात साठा ‘उणे’ झाला. उणे म्हणजे धरण कोरडं नव्हे. कालव्यात सहज सुटणारं पाणी संपलं आणि तळचा राखीव साठा उरला. असं झालं की काठ मैलभर मागे सरकतो. मच्छीमारांची पंचाईत, पक्ष्यांचीही.

आईबाबांनो, शिरूरहून न्हावरे-चौफुला रस्ता, किंवा दौंडहून सोलापूरकडची गाडी धरून भिगवण गाठा. कुंभारगाव, डिकसळला होड्या मिळतात. उजाडताना पोचा. भडक कपडे नकोत. आणि फोटोसाठी थवा उडवायला नावाड्याला मुळीच सांगू नका. हजारो मैल उडून आलेल्या जिवाला ती दमछाक फार महागात पडते.

दुर्बीण नसली तरी वही-पेन्सिल हवीच. एखाद्या पट्टकादंबाच्या गळ्यात रंगीत पट्टा दिसला, तर रंग, त्यावरचा क्रमांक, तारीख आणि जागा टिपून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. मंगोलियात कुणीतरी तो पट्टा बांधलेला असू शकतो.