लहरींचा परवाना आणि इंटरनेटवरचे प्रसारण

एफएम रेडिओसाठी भारतात 88 ते 108 मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा उपलब्ध आहे. एकाच शहरातल्या दोन केंद्रांनी लगतच्या कंप्रता वापरल्या, तर त्यांचे कार्यक्रम एकमेकांत मिसळतात. त्यामुळे केंद्रांची संख्या मर्यादित ठेवावी लागते. प्रसारणाच्या परवान्याला भौतिकशास्त्राचा आधार आहे तो या टंचाईचा. 1885 चा तार कायदा आणि 1933 चा बिनतारी तार कायदा यांनी लहरींचे नियंत्रण सरकारच्या हाती दिले. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात 1995 साली दिला.

इंटरनेटवर ही टंचाई उरत नाही. रेडिओच्या मनोऱ्यातून निघालेली एकच लहर शहरातले सगळे संच पकडतात. इंटरनेटवर मात्र सर्व्हर सहसा प्रत्येक श्रोत्याला माहितीची पॅकेट स्वतंत्रपणे पाठवतो. नव्या केंद्रामुळे जुन्याची जागा जात नाही. श्रोते वाढले की बँडविड्थचा खर्च वाढतो, इतकेच. भौगोलिक मर्यादाही सुटते. एफएमचा परवाना शहरापुरता असतो, पण इंटरनेटवरचा कार्यक्रम परदेशातही ऐकता येतो. गाणी, चित्रपट आणि सामन्यांचे हक्क मात्र बहुधा देशवार विकले जातात. त्यामुळे आयपी पत्त्यावरून प्रेक्षकाच्या देशाचा अंदाज घेऊन प्रक्षेपण रोखावे लागते. व्हीपीएन वापरल्यास हा अंदाज चुकू शकतो.

हक्कांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. कॉपीराइट कायद्यात 2012 साली आलेल्या कलम 31-डीनुसार रेडिओ आणि दूरचित्रवाणी केंद्रांना गीतमालकाच्या संमतीवाचून, ठरलेले मानधन भरून गाणी वाजवता येतात. ही सवलत इंटरनेटलाही लागू असल्याचा खुलासा केंद्र सरकारच्या औद्योगिक धोरण विभागाने 2016 मध्ये केला होता. 2019 मध्ये टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक हे संगीत अॅप या खटल्यात न्यायालयाने तो बंधनकारक मानला नाही आणि सवलत पारंपरिक प्रसारणापुरती असल्याचा निर्णय दिला. परिणामी, रेडिओवर या कलमाच्या आधारे वाजणारे गाणे इंटरनेटवर ऐकवायचे, तर मालकाशी वेगळा करार करावा लागतो.

आशयाचे नियमनही माध्यमागणिक बदलते. चित्रपटगृहासाठी 1952 च्या कायद्यानुसार प्रदर्शनापूर्वी प्रमाणपत्र लागते. दूरचित्रवाणीला 1995 च्या केबल कायद्याची कार्यक्रम संहिता लागू होते. ओटीटी मंच नोव्हेंबर 2020 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या कक्षेत आले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील फेब्रुवारी 2021 च्या नियमांनी त्यांच्यावर वयानुसार पाच गटांत वर्गीकरण आणि तीन स्तरांवर तक्रार निवारण अशी बंधने घातली. पूर्वप्रमाणपत्राची अट मात्र घातली नाही. डिजिटल वृत्तमाध्यमांनाही याच नियमांत आचारसंहिता लागू झाली. ती पाळण्याची सक्ती करणाऱ्या तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये स्थगिती दिली. या तरतुदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येतात आणि मूळ माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कक्षेबाहेर जातात, असे न्यायालयाचे प्रथमदर्शनी मत होते.

केबल, डीटीएच आणि ओटीटी यांना एकाच चौकटीत आणणाऱ्या प्रसारण सेवा विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतंत्रपणे व्हिडिओ करणारेही त्याच्या कक्षेत येतील, या शंकेवरून वाद वाढला आणि सविस्तर चर्चेनंतर नवा मसुदा आणण्याचे सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये सांगितले. लहरींच्या टंचाईमुळे आलेला परवाना आणि आशयाच्या जबाबदारीसाठीचे नियम हे दोन वेगळे विषय आहेत. इंटरनेटवर पहिल्याचे कारण संपते, दुसऱ्याचे राहते. दूरचित्रवाणी कंपनी आणि एकट्याने व्हिडिओ करणारी व्यक्ती यांच्यात ही जबाबदारी कशी वाटायची, हे अशा कायद्याला ठरवावे लागेल.