देवमासे व डॉल्फिन संरक्षण, अरबी समुद्रातील

देवमासे, डॉल्फिन व शिंशुक हे स्तनी वर्गाच्या सीटॅसिया गणातील जलचर प्राणी होत. त्यांचा वावर अनेक राष्ट्रांच्या सागरी हद्दींतून व त्यांपलीकडील खुल्या समुद्रातून होत असल्याने कोणत्याही एका राष्ट्राचा कायदा त्यांच्या रक्षणास पुरेसा पडत नाही. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय आयोग, करार व प्रादेशिक कार्यक्रम अस्तित्वात आले. महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक यांच्या किनाऱ्यांना लागून असलेल्या अरबी समुद्राच्या संदर्भात या सहकार्याचे स्वरूप व त्यातील उणिवा प्रस्तुत नोंदीत दिल्या आहेत.

प्राणी व अधिवास : भारतीय समुद्रांत या गणातील सुमारे २५ ते ३० जातींची नोंद झालेली आहे. कोकण किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात कुबड असलेला डॉल्फिन नेहमी आढळतो. मच्छीमार त्याला ‘गादा’ म्हणतात. तो खाड्यांच्या मुखाशी व किनाऱ्यालगत लहान कळपांनी राहतो. पाठीवर पर नसलेला शिंशुकही याच पट्ट्यात असतो. खोल पाण्यात निळा देवमासा व इतर मोठ्या जाती आढळतात.

सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण प्राणी म्हणजे अरबी समुद्रातील कुबडा देवमासा (हंपबॅक) होय. जगातील इतर सागरांतील कुबडे देवमासे उन्हाळ्यात ध्रुवांकडील थंड पाण्यात अन्नासाठी जातात व हिवाळ्यात विणीसाठी उष्ण पाण्यात परततात. अरबी समुद्रातील समूह मात्र असे ऋतुप्रवास न करता वर्षभर याच समुद्रात राहतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमानच्या किनाऱ्याजवळ खालच्या थरांतील पोषक द्रव्यांनी समृद्ध असे थंड पाणी वर येते व तेथे अन्न विपुल होते, हे त्याचे कारण मानले जाते. म्हणजे कोकणात पाऊस आणणारे वारेच या देवमाशांचेही पोषण करतात. आनुवंशिक अभ्यासानुसार हा समूह सुमारे ७०,००० वर्षांपासून इतरांपासून अलग पडलेला आहे. ओमानजवळ घेतलेल्या छायाचित्रांवरून त्याची संख्या सुमारे ८२ असावी, असा अंदाज २०११ साली प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने २००८ साली या समूहाची संकटग्रस्त म्हणून नोंद केली.

२०१७ साली ओमानजवळ ‘लुबान’ नावाच्या मादीच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेले संदेशयंत्र बसविण्यात आले. ती अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आल्याचे त्यावरून दिसून आले. गोव्याच्या किनाऱ्याजवळही या देवमाशांचे गायन ध्वनिग्राहकांनी नोंदविले आहे. ओमान व भारत यांच्या किनाऱ्यांवर दिसणारे प्राणी एकाच समूहाचे असल्याचा हा भक्कम पुरावा होय.

या प्राण्यांची प्रजननगती मंद असते. कुबड्या देवमाशाचा गर्भावधी ११ ते १२ महिन्यांचा असून मादीला सामान्यतः दोन ते तीन वर्षांनी एक पिल्लू होते. त्यामुळे थोड्या मृत्यूंचाही परिणाम दीर्घकाळ टिकतो.

शिकारीचे नियंत्रण : तेल व मांस यांसाठी झालेल्या बेसुमार शिकारीमुळे १९४६ साली वॉशिंग्टन येथे देवमाशांच्या शिकारीच्या नियमनाचा करार झाला व त्यातून आंतरराष्ट्रीय देवमासे आयोग स्थापन झाला. प्रारंभी आयोगाचा भर शिकारीचा वार्षिक कोटा ठरविण्यावर होता व तपासणीची व्यवस्था दुबळी होती. याचा फटका अरबी समुद्राला बसला. १९६६ च्या सुमारास सोव्हिएट जहाजांनी ओमान, पाकिस्तान व वायव्य भारत यांच्या किनाऱ्यांजवळ २४२ कुबडे देवमासे मारले. ही शिकार बेकायदेशीर होती आणि तिची खरी आकडेवारी १९९० नंतरच उजेडात आली. पूर्वीच्या अंदाजाशी तुलना करता, आज जिवंत असलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट देवमासे त्या वेळी मारले गेले.

१९७९ साली सेशेल्सच्या प्रस्तावावरून आयोगाने हिंदी महासागर हे देवमाशांचे अभयारण्य म्हणून जाहीर केले. त्यात अरबी समुद्राचा समावेश असून दक्षिणेस ५५° अक्षांशापर्यंत व्यापारी शिकारीस मनाई आहे. प्रथम दहा वर्षांसाठी असलेली ही मनाई १९९२ साली बेमुदत करण्यात आली. भारत १९८१ साली आयोगाचा सदस्य झाला. १९८२ साली आयोगाने सर्व समुद्रांतील व्यापारी शिकार स्थगित करण्याचा ठराव केला व तो १९८५–८६ च्या हंगामापासून अंमलात आला. नॉर्वे व आइसलँड यांनी तो पूर्णपणे मानला नाही. जपानने २०१९ साली आयोग सोडून स्वतःच्या सागरी हद्दीत शिकार पुन्हा सुरू केली. तथापि अरबी समुद्रातून मोठ्या देवमाशांची व्यापारी शिकार नाहीशी झाली, हे या सहकार्याचे निर्विवाद यश होय.

स्थलांतरी प्राण्यांविषयीचा करार : निसर्गसंरक्षणाचे काही आंतरराष्ट्रीय करार स्थळांना, तर काही प्राण्यांना धरून असतात. पहिल्या प्रकाराचे परिचित उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर होय. पाणथळ जागांविषयीच्या १९७१ च्या रामसर करारानुसार २०२० साली त्याची आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थळ म्हणून नोंद झाली. तेथे येणारे काही पक्षी दूरदेशीचे असले, तरी सरोवर एका जिल्ह्याच्या सीमेत स्थिर आहे व त्याची जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट आहे. देवमाशाच्या बाबतीत रक्षणीय वस्तूच एका हद्दीतून दुसरीत जाते. त्यामुळे दुसऱ्या प्रकारचा करार आवश्यक ठरतो.

असा करार १९७९ साली बॉन येथे झाला व १९८३ साली अंमलात आला. त्याच वर्षी भारत त्याचा सदस्य झाला. कराराच्या पहिल्या परिशिष्टातील प्राण्यांना सदस्यराष्ट्रांनी कडक संरक्षण द्यावे व दुसऱ्या परिशिष्टातील प्राण्यांसाठी परस्परांत स्वतंत्र करार करावेत, अशी त्यात योजना आहे. मानिला येथे २०१७ साली भरलेल्या परिषदेने अरबी समुद्रातील कुबड्या देवमाशासाठी संयुक्त कृतीचा कार्यक्रम मान्य केला. २०२० सालची परिषद भारतात गांधीनगर येथे भरली होती.

प्रादेशिक करार : बॉन कराराच्या छायेत यूरोपात दोन बंधनकारक करार झाले. बाल्टिक व उत्तर समुद्रांतील लहान जातींविषयीचा करार १९९४ साली, तर काळा समुद्र, भूमध्य समुद्र व लगतचा अटलांटिक यांविषयीचा करार २००१ साली अंमलात आला. त्यांत सचिवालय, वैज्ञानिक समिती, सदस्यराष्ट्रांचे नियमित अहवाल व जाळ्यांवरील निर्बंध यांची तरतूद आहे. फ्रान्स, इटली व मोनॅको यांनी १९९९ साली करार करून भूमध्य समुद्रात संयुक्त सागरी अभयारण्यही निर्माण केले.

अरबी समुद्रासाठी असा बंधनकारक करार झालेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या प्रादेशिक समुद्र कार्यक्रमात हा समुद्र तीन विभागांत वाटला गेला आहे. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीव व बांगला देश हे दक्षिण आशियाई समुद्रांच्या १९९५ च्या कृतियोजनेत येतात. ओमान, इराण व इराणच्या आखाताभोवतीची राष्ट्रे १९७८ च्या कुवेत कराराखाली, तर येमेन व सोमालिया १९८२ च्या जेद्दा कराराखाली येतात. दक्षिण आशियाई योजनेला बंधनकारक कराराचा आधार नाही. परिणामी लुबानने केलेल्या एकाच प्रवासात दोन वेगळ्या व्यवस्था लागतात व त्यांना जोडणारा दुवा कच्चा राहतो. ही उणीव अंशतः संशोधक भरून काढतात. २०१५ साली स्थापन झालेल्या अरबी समुद्र देवमासे जालाद्वारे निरनिराळ्या देशांतील अभ्यासक छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे व किनाऱ्यास लागलेल्या प्राण्यांच्या नोंदी एकत्र करतात.

आजचे धोके : शिकार थांबली, तरी मृत्यू थांबलेले नाहीत. पाण्यात भिंतीप्रमाणे उभी राहणारी गिलनेट जाळी हा मुख्य धोका आहे. जाळ्यात गुरफटलेला प्राणी श्वास घेण्यासाठी पृष्ठभागावर येऊ न शकल्याने गुदमरतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९५० ते २०१८ या काळात हिंदी महासागरातील कुपा माशांसाठी लावलेल्या अशा जाळ्यांत सुमारे ४१ लाख लहान सीटॅसिया प्राणी सापडले असावेत. हिंदी महासागर कुपा आयोगाने अडीच किमी.पेक्षा लांब तरंगत्या जाळ्यांवर प्रथम खुल्या समुद्रात व २०२२ पासून आपल्या सर्व क्षेत्रात बंदी घातली. पाकिस्तानच्या मच्छीमारांच्या सहकार्याने केलेल्या प्रयोगांत जाळे पृष्ठभागापासून सुमारे दोन मी. खाली लावल्यास डॉल्फिन सापडण्याचे प्रमाण बरेच घटते, असे दिसून आले. म्हणजे उपाय अगदीच खर्चिक नाहीत, परंतु ते सर्व राष्ट्रांच्या नौकांनी अवलंबिले तरच उपयोगी पडतात. जहाजांच्या धडका, जहाजांचा व तेलशोधनाचा पाण्याखालील गोंगाट आणि प्रदूषण हे अन्य धोके होत.

भारत व महाराष्ट्र : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार या प्राण्यांची शिकार व त्यांच्या अवयवांचा व्यापार यांवर बंदी आहे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रात भारताला अधिकार आहेत, तसेच सागरी स्तनी प्राण्यांच्या रक्षणासाठी इतर राष्ट्रांशी सहकार्य करण्याचे बंधनही आहे. २०२० साली केंद्र शासनाने नदीतील व समुद्रातील डॉल्फिनांसाठी ‘प्रोजेक्ट डॉल्फिन’ जाहीर केला.

महाराष्ट्रात मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले, परंतु स्थानिक मच्छीमारांच्या विरोधामुळे त्याची अंमलबजावणी रखडली. कांदळवन कक्षाच्या स्थापनेनंतर (२०१२) दृष्टिकोन बदलला. जाळे कापून संरक्षित प्राण्याची सुटका करणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना २०१८ साली सुरू झाली. सिंधुदुर्ग ते कारवार हा किनारी पट्टा सागरी स्तनी प्राण्यांसाठी महत्त्वाचे क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय स्तरावर ओळखला गेला आहे. या पट्ट्यात डॉल्फिन जाळ्यांतील मासे खातात व जाळी फाडतात, अशी मच्छीमारांची तक्रार असते. डॉल्फिनही त्याच जाळ्यांत सापडून मरतात. म्हणून भरपाईचा प्रश्न संरक्षणापासून वेगळा करता येत नाही.

रेवदंडा येथे २०१५ साली किनाऱ्यास लागलेला निळा देवमासा मरण पावला. गणपतीपुळे येथे २०२३ साली वाळूत अडकलेले देवमाशाचे पिल्लू ग्रामस्थ व शासकीय यंत्रणा यांनी प्रयत्नपूर्वक समुद्रात नेले, पण ते वाचले नाही. किनाऱ्यावरील मदत महत्त्वाची असली, तरी ती बहुधा शेवटच्या टप्प्यावरच पोहोचते.

मूल्यमापन : शिकार मोजक्या राष्ट्रांच्या जहाजांकडून होत असल्याने ती एका ठरावाने बरीचशी थांबविता आली. जाळ्यांतील मृत्यू मात्र अनेक देशांच्या हजारो लहान नौकांवर, कोणाचा हेतू नसताना घडतात. त्यांना आळा घालण्यासाठी समान मोजणी, जाळ्यांचे समान नियम व मच्छीमारांना भरपाई या तिन्हींची समुद्राच्या दोन्ही तीरांवर सांगड घालावी लागेल. सुमारे शंभराच्या आत संख्या असलेल्या समूहात एका प्रजननक्षम मादीचा मृत्यूही गंभीर हानी ठरतो. अशा स्थितीत ओमानने राखलेला देवमासा कोकणापुढील जाळ्यात मेल्यास, किंवा याच्या उलट घडल्यास, दोन्ही राष्ट्रांचे प्रयत्न व्यर्थ जातात.